२० मिमी जाडीच्या रबर टाइल्स घरी सरळ कशा कापायच्या?

दंडबैठक

नमस्कार मंडळी. फ्लॅटमधल्या एका खोलीत व्यायामासाठी रबर टाइल्स टाकतोय. खोली आतून ३०५० × २७४० मिमी, म्हणजे १० बाय ९ फूट. टाइल ५०० × ५०० मिमी, जाडी २० मिमी, कडा सरळ (जिगसॉ पझलसारखे दात नाहीत). काळ्या दाण्यांत निळे ठिपके असलेला माल आहे. ३६ नग घेतलेत.

साधा १८ मिमीचा कटर वापरतोय. निम्म्या जाडीपर्यंत ब्लेड जातं आणि मग असं आवळलं जातं की मागे ओढायलाही जोर लागतो. वरची कड सरळ दिसते, पण टाइल उलटी केली की खाली कट ४-५ मिमी तिरका गेलेला असतो. भिंतीशी मग वरून फट नाही, पण खालून टाइल भिंतीला अडते आणि कोपरा उचलला जातो.

अजून तीन अडचणी आहेत. एका कोपऱ्यात कॉलम आहे, १० फुटी दिशेने ९० मिमी पुढे आलेला आणि ९ फुटी भिंतीलगत २३० मिमी रुंद. दुसरीकडे एसीच्या पाण्याचा २५ मिमीचा पीव्हीसी पाइप भिंतीपासून ७० मिमीवर जमिनीत जातो. आणि दार आत उघडतं, दाराखाली जेमतेम ८ मिमी जागा आहे. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडर वापरा म्हणाले. वापरू का?

सुतारपक्षी

ग्राइंडरला हात लावू नका, त्याचं कारण खाली कोणीतरी नीट सांगेलच. ब्लेडकडे वळण्याआधी कागदावर आखणी करून घ्या, कारण तुमच्या मापांत बरेचसे कट वाचतात.

१० फुटी बाजूला ६ अख्ख्या टाइल्स म्हणजे ३००० मिमी. उरले ५०. एका भिंतीला चिकटून सुरुवात केलीत तर पलीकडे पाच सेंटीमीटरची पट्टी लागेल. एवढी अरुंद पट्टी कापायलाही त्रास आणि पायाखाली टिकतही नाही, सरकते. त्यापेक्षा सहाही टाइल्स मधोमध ठेवा. दोन्हीकडे २५-२५ मिमी रिकामे राहतील. १९ मिमी, म्हणजे सहा सुती प्लायची २० मिमी रुंद पट्टी सुताराकडून चिरून घ्या आणि ती त्या फटीत उभी बसवा. उंची टाइलबरोबर येते आणि भिंतीशी ६ मिमी मोकळे राहतात. या बाजूला एकही कट नाही.

९ फुटी बाजूला ५ टाइल्स म्हणजे २५००. दोन्ही भिंतींना ६-६ मिमी सोडले तर उरतात २२८. एका टाइलमधून २२८ च्या दोन पट्ट्या निघतात (४५६, वर ४४ मिमीचा तुकडा उरतो). सहा पट्ट्यांना तीन टाइल्स पुरतात. ३० अख्ख्या आणि या तीन, मिळून ३३. तीन शिल्लक.

आता पट्ट्यांची ही रांग कॉलमच्या बाजूला ठेवा. कॉलम २३० मिमी रुंद आहे आणि पट्टी अधिक भिंतीची फट मिळून २३४. म्हणजे अख्खा कॉलम पट्टीच्या रांगेतच मावतो आणि अख्ख्या टाइलला खाच पाडावीच लागत नाही. फक्त कोपऱ्यातली पट्टी आखूड करायची: टाइल भिंतीपासून २५ वर सुरू होते, कॉलम ९० वर संपतो, त्याला ६ मिमीची मोकळीक द्या. ९६ वजा २५ म्हणजे ७१ मिमी कमी, पट्टी ४२९ ची. अर्थात आधी कॉलमच्या प्लास्टरला गुण्या लावून बघा. प्लास्टर चार-पाच मिमी बाहेर असेल तर सगळी रांग तेवढी सरकवावी लागेल.

एक लक्षात ठेवा, पट्टीची कारखान्यातली कड नेहमी शेजारच्या टाइलकडे आणि तुमची कापलेली कड भिंतीकडे. म्हणून एका टाइलमधून दोन पट्ट्या काढताना समोरासमोरच्या दोन्ही कडांवरून २२८ मोजा. मधला ४४ चा तुकडा टाकाऊ.

कणाकण

ब्लेड का अडकतं ते कळलं की उपाय आपोआप सुचतो.

या टाइल्स म्हणजे जुन्या टायरचा भुगा पॉलियुरेथेनच्या चिकट्यात मिसळून साच्यात दाबलेला असतो. निळे ठिपके ईपीडीएम रबराचे. लाकूड कापताना भुसा पडतो, म्हणजे पात्याच्या जाडीइतकी जागा तयार होते. सुरीने रबर कापताना काहीच निघून जात नाही. ते नुसतं बाजूला दाबलं जातं आणि दोन्हीकडून पात्याच्या गालांना चिकटतं. जितकं खोल जाल तितकं घर्षण वाढतं. मग माणूस जोर लावतो, पातं वाकतं आणि कट तिरका जातो. तुमचे ४-५ मिमी तिथून आले आहेत.

त्यामुळे तीन गोष्टी करायच्या.

पहिली, कट उघडा ठेवायचा. टाइलखाली बरोबर खुणेच्या रेषेखाली दीड-दोन सेंमी जाडीची लाकडी पट्टी सरकवा. दोन्ही बाजू स्वतःच्या वजनाने खाली झुकतात आणि कापाचं तोंड उघडतं. एवढ्याने निम्मा त्रास जातो.

दुसरी, ओलावा. अर्ध्या लिटरच्या स्प्रे बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे सात-आठ थेंब. प्रत्येक फेरीआधी कापात मारा. तेल, ग्रीस, रॉकेल अजिबात नको, खनिज तेलाने हे रबर फुगतं आणि पुढे कडेचे दाणे सुटायला लागतात. साबणपाणी फक्त हाताच्या सुरीसाठी. विजेच्या यंत्राजवळ ते न्यायचं नाही.

तिसरी, धार. टायरच्या भुग्यात बारीक रेती असते, कधी तारेचा कणही सापडतो. नवं ब्लेड एका ५०० मिमीच्या पूर्ण कटानंतरच मंद व्हायला लागतं. दर एक-दोन कटांनी पुढचा तुकडा मोडा. ब्लेडचा पैसा वाचवायची ही जागा नाही, बोथट पात्याला जास्त जोर लागतो आणि हात तेव्हाच कापतो.

आता ग्राइंडर. चकतीच्या वेगाने रबर कापलं जाण्याआधी जळतं. चिकटा वितळून चकतीवर बसतो, खोलीभर काळा धूर होतो आणि पॉलियुरेथेनचा धूर छातीला घातक असतो. शिवाय रबराने चकती पकडली तर यंत्र हातातून उसळतं. हातातली सर्क्युलर सॉ याच कारणासाठी नको.

सुतारपक्षी

वरच्याला जोडून सुरीची पद्धत.

१८ मिमीचं पातं साधारण अर्धा मिमी जाड असतं, २० मिमी रबरात ते लवचतं. २५ मिमीचा हेवी ड्यूटी कटर घ्या, त्याचं पातं ०.७ मिमी असतं आणि मूठही हातात भरते. पातं लॉक करायला फिरकीचा स्क्रू असलेला घ्या, नुसत्या खटक्याचा जोर लागला की मागे सरकतो.

आधारासाठी स्टीलची फूटपट्टी पुरत नाही. ती एक मिमी जाड, पातं तिच्यावर चढतं आणि उभं राहायला त्याला टेकू मिळत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पोकळ सेक्शन घ्या, ५० × २५ मिमीचा, ६०० मिमी लांब. तो टाइलवर २५ च्या उंचीने आडवा ठेवून दोन टोकांना सी-क्लॅम्प लावा. पात्याचं पोट त्या २५ मिमीच्या भिंतीला सपाट टेकवून ओढलं की पातं आपोआप काटकोनात राहतं. हातांच्या अंदाजाने ९० अंश कधीच येत नाहीत.

खाली जुना १२ मिमी प्लाय हवाच. थेट व्हिट्रिफाइड फरशीवर कापलंत तर पात्याचं टोक उडतं आणि फरशीवर ओरखडा येतो.

पहिली फेरी अगदी हलकी, पातं एकच सेंटीमीटर बाहेर काढून. ही नुसती रेघ आहे, पुढच्या सगळ्या फेऱ्या तिच्यातूनच जाणार. दुसरी-तिसरी फेरी ४-५ मिमी खोल. इथपर्यंत टाइल प्लायवर सपाट राहू दे. निम्मी जाडी झाली की खालची लाकडी पट्टी सरकवा, पातं आणखी बाहेर काढा, साबणपाणी मारा आणि तशाच लांब, एकसंध ओढीने उरलेल्या दोन-तीन फेऱ्या. मध्येच थांबून पुन्हा सुरू केलं की त्या ठिकाणी कडेला पायरी पडते. शेवटचे दोन-तीन मिमी राहिले की टाइल दुमडून मागून कापायचा मोह होतो, तो टाळा, तळाचे दाणे कापले न जाता उपटले जातात.

पातं कडेबाहेर पडतं तिथे दुसरा हात कधीच ठेवू नका. कट-रेझिस्टंट हातमोजा डाव्या हातात, म्हणजे सेक्शन धरणाऱ्या हातात. मोडलेल्या ब्लेडचे तुकडे एखाद्या पत्र्याच्या डब्यात साठवा, कचऱ्याच्या पिशवीत सुटे टाकू नका, उचलणाऱ्याच्या हाताला लागतात.

खूण करायला पांढरा खडू पुसला जातो. काळ्या रबरावर सिल्व्हर मार्कर किंवा मास्किंग टेप लावून त्यावर पेन, हे ठीक.

मशीनहॉल

हाताने सहा-सात कट ठीक आहेत, पण याहून जास्त असतील तर जिगसॉ (अरुंद पातं वरखाली चालवणारी विजेची हातकरवत) घ्या. फक्त लाकडाचं दातेरी ब्लेड लावायचं नाही. ते दाणे उपटतं, काळा भुगा उडवतं आणि कड कुरतडल्यासारखी दिसते. रबर, गालिचा, थर्मोकोल यांच्यासाठी बिनदाती, सुरीसारख्या धारेचं ब्लेड मिळतं. बॉशचं टी ११३ ए हे त्यातलं. लांबी बघून घ्या: टाइलची २० मिमी, वर जिगसॉचा स्ट्रोक वीसेक मिमी, हे धरून पातं बेसप्लेटखाली ५० मिमीपेक्षा जास्त बाहेर यायला हवं. नाहीतर वरच्या टोकाला गेलेलं पातं परत येताना रबरावर आपटतं आणि वाकतं.

पेंड्युलम (पातं पुढेमागेही झुलवायचं बटण) शून्यावर. वेग मध्यम, सहाच्या डायलवर तीनच्या आसपास. वास यायला लागला की वेग जास्त आहे किंवा तुम्ही ढकलताय. यंत्राला त्याच्या चालीने जाऊ द्या.

बेसप्लेट रबरावर सरकत नाही, चिकटते. प्लेटच्या तळाला मास्किंग टेप लावा किंवा टाइलवर ३ मिमी हार्डबोर्ड ठेवून दोन्ही एकत्र कापा. दुसरा उपाय अधिक चांगला, कारण दाबलेलं रबर ब्लेडबरोबर वरखाली नाचत नाही. टाइल दोन प्लायच्या तुकड्यांवर ठेवायची, मध्ये तीन-चार सेंमी फट सोडून, रेष त्या फटीवर. बेसप्लेटच्या कडेने तोच अ‍ॅल्युमिनियम सेक्शन क्लॅम्प करा. चष्मा आणि साधा एन ९५ मास्क घाला.

आवाजाचं म्हणाल तर जिगसॉ टाइलपेक्षा टेबलाला जास्त हलवते. टेबलाच्या पायांखाली त्या ४४ मिमीच्या उरलेल्या पट्ट्या घाला, खालच्या मजल्याला ऐकू जायचं बरंच कमी होतं.

दंडबैठक

आखणीचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. कॉलमला गुण्या लावला, तळाशी २ मिमीच बाहेर आहे. आता पाइप आणि दार. दाराचं पान ७५० मिमी. तिथे पाव वर्तुळ कापू का?

सुतारपक्षी

पाव वर्तुळ कापता येतं, पण कापू नका. कापलेली २० मिमीची उभी कड दारातच उरते आणि रोज कोणाचा तरी अंगठा तिला लागतो. वक्र कडेला तयार उतार-पट्टीही बसत नाही. त्यापेक्षा दारापाशी २ × २ टाइल्सची जागा, १००० × १००० मिमी, रिकामीच सोडा. ७५० चं पान त्यात आरामात फिरतं. दोन्ही कडा सरळ राहतात, त्यांना रबराची तयार रॅम्प-पट्टी लावा. चार अख्ख्या टाइल्सही वाचल्या. ती जागा व्यायामाला हवीच असेल तर दाराचं पान खालून १५ मिमी रंधून घ्या, पण फ्लश डोअर असेल तर खालची लाकडी चौकट किती उंच आहे हे आधी तपासा, नाहीतर आतला पोकळ भाग उघडा पडतो.

पाइपसाठी भोक सुरीने गोल कापायला बसू नका, कड दातेरी होते. एक इंची जीआय पाइपचा सहा इंचांचा तुकडा घ्या. मध्यम जाडीच्या पाइपचा आतला व्यास साधारण २७ मिमी असतो. एका तोंडाला बाहेरच्या बाजूने कानशीने धार काढा, आतून नाही. बाहेरून धार असली की भोक आतल्या व्यासाएवढं सरळ उतरतं. टाइल लाकडी ठोकळ्यावर ठेवा, खूण लावा, साबणपाणी, आणि जड हातोड्याने चार-पाच ठोके. दर ठोक्यानंतर पाइप थोडा फिरवा. २५ च्या पाइपला २७ चं भोक छान बसतं.

भोकाचा मध्य टाइलच्या कडेपासून ४५ मिमीवर येईल, कारण भिंतीपासून ७० पैकी २५ ची फट जाते. आधी भोक, मग त्याच्यापासून भिंतीकडच्या कडेपर्यंत एकच सरळ चीर. ती चीर उघडून टाइल पाइपाभोवती घालायची. चीर भिंतीकडे असल्याने दिसत नाही. प्लायच्या पट्टीलाही त्या जागी खाच द्यायला विसरू नका.

गच्चीवाली

माझा प्रश्न थोडा वेगळा. कॉलम भिंतीच्या मध्यभागी आहे, त्यामुळे खाच टाळता येत नाही. टाइल ४० मिमीची, तळाला पाणी जायला खोबणी असलेली. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात टाइल फाटेल का?

कणाकण

फाटेल, जर दोन कट कोपऱ्यात एकमेकांना ओलांडून गेले तर. सुरीची फुली पडते तिथून दाण्यांची साखळी सुटते आणि पाऊल पडेल तशी चीर वाढते. म्हणून आधी खाचेच्या दोन्ही आतल्या कोपऱ्यांत ८-१० मिमीचं भोक पाडा, वर सांगितलेल्या पद्धतीने बारीक पाइपाने किंवा चामड्याच्या पंचाने. ड्रिलने पाडलंत तर रबर परत मिटतं, ८ चा बिट ७ चंच भोक देतो, शिवाय कड फाटते. भोकं झाली की कट भोकापर्यंत आणून थांबवायचा.

४० मिमीला हाताची सुरी शहाणपणाची नाही. लांब ब्लेडची जिगसॉच. तळाच्या खोबणीमुळे टाइल उलटी करून कापली तर ब्लेड प्रत्येक खोबणीत हिसका खातं, त्यामुळे वरून कापा. आणि मापाचा साचा आधी जाड पुठ्ठ्याचा करा, कॉलमला लावून बघा, मगच टाइलवर ठेवा. साच्यावर 'वर' असं लिहा. टाइल उलटी ठेवून साचा सुलटा ठेवला की खाच आरशातल्यासारखी उलट्या बाजूला पडते, आणि ४० मिमीची टाइल स्वस्त नसते.

गच्चीवर कट शक्यतो सकाळी करा. उन्हात ठेवलेलं रबर मऊ होऊन सहज कापलं जातं हे खरं, पण ते लांबलेलंही असतं. मीटरभर रबर २० अंशांच्या फरकाला साधारण ३ मिमी वाढतं. गरम असताना मोजलेला तुकडा रात्री आखूड पडतो. ऊन दाखवायचं तर खूण सावलीत करून मग दाखवा.

मशीनहॉल

भिंतीशी ६ मिमी सोडणं मला जास्त वाटतं. जिमच्या कामात तुकडा उलट २ मिमी मोठा कापून दाबून बसवतात, म्हणजे सांधे उघडत नाहीत.

कणाकण

बंद, एसी असलेल्या हॉलमध्ये ते चालून जातं, तापमान फार बदलत नाही. पश्चिमेच्या खिडकीखालच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये भिंतीला दाबलेली रांग मधून उचलली जाते. सांधे घट्ट हवेत ते टाइल टाइलला रेटून, भिंतीच्या जोरावर नाही. या मालात ५०० च्या टाइलमध्ये दोन-तीन मिमीचा फरक असतोच. म्हणून सगळ्या टाइल्स उघडून एक-दोन दिवस त्याच खोलीत सपाट पसरून ठेवा, मग मापून सारख्या मापाच्या एका रांगेत लावा आणि पट्ट्या शेवटी, प्रत्यक्ष उरलेल्या जागेवरून कापा. २२८ हा कागदावरचा आकडा आहे. प्रत्यक्षात एका टोकाला २२४ आणि दुसऱ्या टोकाला २३१ निघू शकेल.

दंडबैठक

शेवटचा प्रश्न, चिकटवायच्या का? घर भाड्याचं आहे.

सुतारपक्षी

नाही. एक टाइल पाचेक किलोची, सगळ्या मिळून दीडशेच्या जवळपास जातात, मधल्या जागच्या हलत नाहीत. फक्त दाराकडच्या दोन मोकळ्या कडांच्या टाइल्सना खालून कापडी डबल टेप लावा. रॅम्प-पट्टी टाइलला पॉलियुरेथेनच्या चिकट्याने जोडा, फरशीला नाही. आणि साबणपाण्याने कापलेल्या टाइल्स उभ्या टेकवून दिवसभर वाळू द्या. दाण्यांमध्ये पाणी धरून राहतं, ओल्याच टाकल्या तर फरशीवर बुरशीचा वास धरतो. खोलीत कुठे व्हिनाइल फ्लोअरिंग असेल तर मात्र त्यावर थेट टाकू नका. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात, पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. व्हिट्रिफाइडवर फार तर काळी पूड दिसते, ती पुसली जाते.